रशियासाठीचा शेवट

आल्विल्डा ब्रास्क सहा वर्षांत एकोणचाळीस वेळा मेली नाहीतर विधवा झाली, आणि तेही दुपारच्या जेवणानंतर. कोपनहेगनच्या ज्या काचेच्या स्टुडिओत ती चित्रपटांत काम करायची, तिथे रीतच तशी होती. एकाच चित्रपटाचा सकाळी देशातल्या प्रेक्षकांसाठी गोड शेवट, आणि दुपारी रशियासाठी रडका. गोड चित्रपटाला तिकडे कुत्रंही विचारत नसे.

त्याआधी दहा वर्षं तिने ओडेन्स गावच्या नाटकांत मोलकरणी केल्या. आवाज बारीक, मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. मुक्या चित्रपटात आवाजाचं काय काम? तिथे हवं होतं डोळ्यांतलं पाणी. कॅमेरेवाल्याने हँडल फिरवलं, खर्र खर्र सुरू झालं की तिचे डोळे वाहायचे. हँडल थांबलं की कोरडे. घरी रविवारी नवरा एयनार हाताच्या यंत्रावर कॉफी दळायला बसला, तसंच खर्र खर्र झालं, तरी तेच.

"पोचलीस रशियात?" तो विचारायचा आणि मुद्दाम जोरात दळायचा.

एकोणीसशे सतरा सालच्या थंडीत एयनार न्यूमोनियाने आठ दिवसांत गेला. दफनाला आल्विल्डा उभी राहिली ती राहिलीच. डोळ्यांत टिपूस नाही. मातीला आलेल्या शेजारणींसमोर सासू पेट्रेया म्हणाली, "परक्यांसाठी घडे भरून रडतेस. माझ्या लेकासाठी एक थेंब नाही?"

 आल्विल्डाचा त्याच्यावर जीव होता, एवढं तिला आठवत होतं. आत मात्र काही हलत नव्हतं. त्या दिवसापासून सासूने बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी ती मांजराला सांगायची.

त्याच वर्षी रशियात क्रांती झाली आणि रडके शेवट बंद पडले. उरलेल्या गोड शेवटांतल्या मिठ्यांना कोवळ्या पोरी हव्या होत्या. आल्विल्डा त्याच स्टुडिओत कपडे शिवू लागली. तेही तिच्या मनाला फारसं लागलं नाही.

महायुद्ध संपल्यावर, मधे मिळेनाशा झालेल्या कॉफीच्या बिया दुकानात पुन्हा आल्या. एका रविवारी पेट्रेयाने कपाटातून एयनारचं दळायचं यंत्र काढलं, गुडघ्यांत धरलं आणि दांडा फिरवला. खर्र खर्र.

बटाटे सोलणाऱ्या आल्विल्डाच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. सासूने वर पाहिलं. तिचा हात थांबला, तसं पाणीही थांबलं.

"थांबू नका, आई," आल्विल्डा म्हणाली. "दळत राहा."

म्हातारी दळत राहिली. बिया संपल्या, तरी ती रिकामंच यंत्र फिरवत राहिली.