पंगतीच्या आधी घेतलेली सुई

बारावीचा निकाल लागला आणि मी पुण्याला शिकायला जावं, असं शाळेतल्या बाईंनी ठरवलं. मला पाठवायचं की नाही ते महिन्यानंतर सांगेन, असं आईनं ठरवलं.

कारण माझी सुई. आठवीत असताना मला टाईप वन डायबेटिस निघाला. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिन, त्यातलं तीन वेळा जेवणाआधी. चारही वेळा आईच द्यायची. आमचं गाव कवठे येमाई. मधल्या सुट्टीत आई शेतातलं काम टाकून शाळेत यायची आणि बाईंच्या खोलीत मला सुई टोचून परत जायची. कुणी विचारलं तर सांगायची, डबा द्यायला आले होते. पोरीच्या जातीला आजार आहे हे गावात कळलं तर उद्या नाव ठेवतील, ही तिची भीती. बाई आणि घरचे सोडले तर कुणालाच माहीत नव्हतं.

नववीत एकदा माझी शुगर एकदम उतरली आणि मी अंगणात बेशुद्ध पडले. आईनं ते पाहिलं होतं. म्हणून तिची अट सरळ होती. "महिनाभर मामाकडं दौंडला राहा. सगळं तुझं तू कर. एकदा जरी शुगर खाली गेली, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई."

मामा रेल्वेत कामाला. घर दोन खोल्यांचं, पण मामीकडं फ्रीज होता. आईनं आधीच बजावलं होतं, फ्रीजला हात लावायचा नाही, हॉस्टेलात कुठला आलाय फ्रीज? म्हणून इन्सुलिनची बाटली मी ओल्या वाळूत बसवलेल्या एका लहान मडक्यात ठेवली. रोज सकाळी वाळू भिजवायची. स्वयंपाकही वेगळा, माझा मी. मामी हसायची. "काय बाई, आमच्याच घरात पाव्हणीनं वेगळी चूल मांडली!" पहिल्या दिवशी मी सवयीनं आमच्या घरच्या मापानं तांदूळ घेतले, सात माणसांचे. तो भात दोन दिवस पुरला. एका माणसाचा भात म्हणजे दीड मूठ, हे मला अठराव्या वर्षी कळलं.

सुई मात्र पहिले चार दिवस धड जमली नाही. मोरीत दार लावून बसायचे, पोटाची चिमूट धरायचे आणि हात थांबायचा. बाहेरून मामी विचारायची, "झालं का गं?" मी खोटंच म्हणायचे, "झालं." मग डोळे मिटून टोचायचे. पाचव्या दिवसापासून डोळे उघडे ठेवायला लागले. प्रत्येक वेळची शुगर वहीत लिहायची. अठरा दिवस एकही आकडा घसरला नाही.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, वस्तीतल्या विहारात बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार होता. मामानं माझंही नाव दिलं होतं. कार्यक्रम अकराचा, मग जेवण. साडेबाराला मी पाहिलं, मांडवात पत्रावळ्या मांडल्या होत्या, मीठ वाढून झालं होतं. आमच्या गावात पत्रावळीवर मीठ पडलं की दहा मिनिटांत वरण-भात येतोच. सत्काराआधी पंगतच उरकणार असं समजून मी घरी पळाले, मोजून सुई घेतली आणि परत आले. शुगर उतरली तर खायची साखरेची पुडी पिशवीत होती आणि पिशवी घरी खुंटीला राहिली. आता जेवायचंच तर आहे, असं वाटलं.

परत येते तर पत्रावळ्या तशाच. सुई घेऊन अर्ध्या तासात पोटात काही गेलं नाही, तर शुगर उतरते. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आल्याशिवाय सत्कार नाही आणि सत्काराशिवाय पंगत नाही. एक कार्यकर्ता फोन कानाला लावून सगळ्यांना सांगत होता, "साहेबांनी यवत सोडलं."

"तासाभरापूर्वी बी यवतच सोडलं होतं की," मागून कुणीतरी म्हणालं. "यवत काय सुटंना त्यांला!"

लोक हसले. मीही हसले, आणि माझे ओठ बधिर झाल्यासारखे वाटले. आता येतीलच पाहुणे, म्हणून थांबले.

पाहुणे आले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. मग वंदना झाली, हार झाले. आम्हा मुलांना स्टेजवर बसवलं. मामी खाली वाढपी बायकांच्यात होती, मामा मांडवाच्या पार टोकाला. हातांना कंप सुटला होता, पाठीवरून घाम चालला होता. उठून घरी जावं तर पाहुण्यांच्या भाषणात स्टेजवरून उतरायचं कसं? आणि दोन गल्ल्या चालून तरी जाईन का? पाहुणे शिक्षणावर बोलत होते. त्यांचे शब्द मला ऐकू येत होते, पण अर्थ लागत नव्हता. समोरच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता, पाहुण्यांसाठी आणलेला, दोरीसुद्धा न सोडलेला. मी त्या दोरीकडं बघत बसले.

भाषण संपलं आणि माझंच नाव पुकारलं. दोन शब्द बोला म्हणाले. मी माईकपर्यंत गेले, टेबल धरलं आणि पाठ केलेलं सगळं विसरून गेले. उरलं तेवढंच बोलले.

"मला शुगर आहे. मी इंजेक्शन घेतलंय. मला आत्ता खायला पाहिजे."

आणि मी तो बॉक्स ओढला. दोरी सुटेना, म्हणून कोपरा फाडला. एक पेढा, दुसरा, तिसरा. मांडवात एवढी शांतता झाली, की माईकमधून माझं चावणं ऐकू येत होतं.

"अगं, पाव्हण्यांला तरी खाऊ दी आधी!" एक माणूस ओरडला.

पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "शुगर हाय म्हनती आन् पेढं खाती. आसली कसली गं शुगर?"

मामी परात टाकून धावत आली तोवर मी चौथा पेढा संपवला होता. पाहुण्यांनी आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली, ते मी त्यांच्या भाषणापेक्षा जास्त लक्षात ठेवलंय. मामीनं खालून वरण-भात आणून मला स्टेजवरच, सगळ्यांच्या आधी खायला बसवलं.

घरी आल्यावर मामानं दार लोटून घेतलं. "हे बघ पोरी, पडली न्हाईस, काय न्हाई. अकरा दिवस राहिल्यात. मी ताईला काय सांगत न्हाई. तू बी नको सांगू."

वही समोर होती. त्या वेळची शुगर मोजलीच नव्हती, त्यामुळं रकाना रिकामा होता. तिथं कुठलाही चांगला आकडा बसला असता. मला पुण्याला जायचंच होतं. पण उद्या पुण्यात असंच झालं आणि मी असंच लपवलं, तर मामा-मामीसारखं, माझी सुई माहीत असणारं तरी कोण असेल तिथं? मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली, एसट्या बदलत. माझी पिशवी भरायलाच आली, असं मी धरून चालले होते. पाणीही न पिता ती विचारायला लागली.

"कुणाम्होरं बोललीस?"

"सगळ्यांम्होरं. माईकवर."

"माईकवर?" तिनं डोळे मिटले. "मंग? कोण काय म्हनलं?"

मी आजींचं बोलणं सांगितलं. मग आणखी एक सांगितलं. जेवणं झाल्यावर एक काकू मला बाजूला घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या नातीलाही सुई आहे, त्याही कुणाला सांगत नाहीत. शाळेत दुपारची सुई कशी घ्यायची, ते मला विचारत होत्या.

आईनं वही घेतली. एकेक पान उलटत अठरा दिवस बघितले आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पडली न्हाईस?"

"न्हाई."

"कुणी धरलं?"

"न्हाई. माझं मीच खाल्लं."

"खाली गेली तर न्हाई, आसं म्हनलं व्हतं मी." ती वहीकडंच बघत होती. "पर माझ्या हातनं बी जातीच की. नववीत गेली ती माझ्याच हातनं." मग वही मिटून म्हणाली, "जा. पर एक हाय. तितं पहिल्या दिवशी सांगायचं. मी बघनार."

हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी मात्र ती कार्यालयाच्या दारापर्यंतच आली. "तू जा, मी हितं बसते," म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली. माझ्यामागं आठ-दहा अनोळखी मुली रांगेत होत्या. रेक्टर मॅडम खाली मान घालून फॉर्म भरत होत्या. त्यांनी विचारलं, "काही आजार?"

मी सांगितलं. चार सुया, जेवणाच्या वेळा, शुगर उतरली तर काय करायचं ते.

"जरा मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. "पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

मी पहिल्यापासून परत सांगितलं, मागच्या मुलींनाही ऐकू जाईल असं.