उसनी फौज

परदेशात क्लेमेंटीला राहणाऱ्या सुमित्रा साळवेला कुणी तोंडावर वाकडं बोललेलं चालायचं, पण गोड बोलून खोटं वागलेलं अजिबात खपायचं नाही. माहेर अहमदनगरचं, नवरा दिलीप जहाजावर चीफ इंजिनिअर, म्हणजे वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. दुसरी कुणी असती तर फ्लॅटमध्ये रडत बसली असती. हिनं काय करावं? हॉकर सेंटरात, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, मराठी कानावर पडलं की सरळ टेबलाशी जायची, "सलाम, कुठल्या मंडळीतले तुम्ही?" बहुतेक जण हिंदूच निघायचे आणि गोंधळून बघत राहायचे. तरी हिनं एकेक करून आपली ख्रिस्ती माणसं गोळा केली. मग एका मोठ्या चर्चच्या ऑफिसात इतके हेलपाटे घातले की त्यांनी कंटाळून रविवारी दुपारपुरता मागचा हॉल दिला. तिथं मराठीतून उपासना व्हायची. सगळा आठवडा ती त्या दुपारची वाट बघायची.

दोन हजार चौदा साली चर्चच्या कमिटीनं फर्मान काढलं. चाळीस माणसं जमत नसतील तर हॉल तरुणांच्या गटाला मिळेल. आपली मंडळी जेमतेम वीस! कमिटीचे मिस्टर लिम रविवारी स्वतः बघायला येणार होते.

मंडळीचा सेक्रेटरी निशिकांत आढाव. डोकं तल्लख, पण भलतीकडेच चालायचं. राहायला बुकित पंजांगला, शेजारी आणि ऑफिसात पुण्याचे हिंदू लोक भरपूर. त्यानं सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं. तासभर बसायचं, गाण्याला ओठ हलवायचे, मग मटण-भात.

सुमित्राला यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी हॉलच्या दारात आली तर खुर्च्या भरलेल्या! क्षणभर तिचा ऊर भरून आला. मग पुढच्याच रांगेत प्रबोध कुलकर्णी दिसला. मागच्या गणपतीत याच्याच घरी तिनं मोदक खाल्ले होते.

"काकू, तासाभराचंच काम आहे ना?" त्यानं निरागसपणे विचारलं.

तिनं निशिकांतला कोपऱ्यात गाठलं. "हे काय चालवलंय, निशिकांतभाऊ?"

"वहिनी, आजच्या दिवस गप्प बसा. हॉल राहायला हवा. देवासाठीच करतोय ना?"

मिस्टर लिम मागे येऊन बसले. शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा वाचणं, सुमित्राकडे होतं. तिनं ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि अमस्या राजाची गोष्ट काढली. यहूदाचा राजा. लढाईला निघाला, आपले लोक मोजले, तेवढ्यानं भागेना वाटलं, म्हणून इस्राएलातून रुपं, म्हणजे चांदी, देऊन आणखी फौज आणली. देवाचा माणूस येऊन म्हणाला, ही उसनी माणसं परत पाठव. राजाचा जीव खालीवर. दिलेलं रुपं बुडणार, वर ती फौज चिडणार. चिडलीच, आणि जाताना यहूदाची गावं लुटली.

"तरी त्यानं पाठवली," सुमित्रा म्हणाली. "देवाचं ऐकणं फुकटात पडत नाही."

हॉल जाणार, आणि तो आपल्याच तोंडानं जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण मागे हटेल ती सुमित्रा कसली? तिनं लिमना इंग्रजीत सांगितलं, आमचे कोण ते आता बघा. मग मराठीत म्हणाली, "पाहुण्यांनो, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. पण तुम्ही आमच्या मोजणीतले नाही. मंडळीतल्यांनी तेवढं उभं राहावं."

कुणी हलेना. मग नर्स असलेली रुचिरा तान्ह्याला घेऊन उठली. पाठोपाठ पद्माकर, त्याची बायको, असे एकेक. लिम बोटानं मोजू लागले. निशिकांत मात्र लालबुंद होऊन बसून राहिला.

"निशिकांतभाऊ," तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही पाहुणे की आपले?"

त्यानं तिच्याकडे रागानं बघितलं. मग खुर्ची मागे सारून उठला.

"एवढेच?" लिमनी विचारलं.

"एवढेच."

लिमनी हॉलची किल्ली मागितली. "देते," ती म्हणाली, "आमची उपासना संपली की." आणि तिनं शेवटचं गीत सुरू केलं. निशिकांतचा आवाज पहिल्या ओळीला फुटेना. दुसऱ्या ओळीपासून तो सगळ्यांत मोठ्यानं गायला लागला.