ताईच्या घटस्फोटाची नक्कल

ताई जाऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा नगर भूमापन कार्यालयाची नोटीस आली. घराच्या मिळकत पत्रिकेवर ताईच्या जागी आईचं नाव लावावं, असा अर्ज आम्ही दिला होता. त्याला हरकत आली होती. हरकत घेणाऱ्याच्या नावापुढे 'मयताचे पती' असं छापलं होतं. मी ते दोन शब्द वाचले आणि कागद पालथा घातला. त्या माणसापासून ताईने कोर्टातून घटस्फोट घेतला, त्याला एक तप उलटून गेलं होतं.

घर ताईचं स्वतःचं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबून तिने ते घेतलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा सोपा. बाबा गेल्यावर आई तिच्याजवळ राहायला आली ती तिथलीच झाली. ओळखीच्या वकिलांकडे गेले तर त्यांनी आधी विचारलं, "मूलबाळ?"

"नाही."

"मृत्युपत्र?"

"नाही."

"मग बाईचं घर आधी नवऱ्याकडे जातं. नवरा नसेल तर नवऱ्याच्या माणसांकडे. आईचा नंबर त्यानंतर."

"तिने स्वतःच्या कमाईतून घेतलंय."

"तरीसुद्धा. घटस्फोट झालाय हे दाखवा, म्हणजे तो नवरा उरत नाही, त्याच्या माणसांचाही हक्क उरत नाही आणि आई वारस ठरते. निकालाची नक्कल आणा."

ताईच्या कपाटात ती सापडली नाही. औषधांच्या चिठ्ठ्या सापडल्या, पासबुकं सापडली, जुन्या बदलीचे आदेश सापडले. निकाल नाही. त्याला याचा अंदाज असावा. एमआयडीसीत त्याचं टॉवेलचं युनिट आहे. तिथल्या एका नातेवाइकाच्या तोंडून त्याने निरोप पाठवला, "रुसून गेली होती माहेरी, एवढंच. घटस्फोट म्हणत असाल तर कागद दाखवा." त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं. ते आता त्याच्या कामाला आलं.

म्हणून मी कोर्टाच्या नक्कल विभागात जाऊन उभी राहिले.

"प्रकरण नंबर?"

"माहीत नाही. साल सांगते."

"नंबर नसेल तर शोधायचा वेगळा अर्ज. तुम्ही पक्षकार का?"

"माझी बहीण."

"मग त्यांनाच पाठवा की."

"ती वारली."

कारकुनाने मान वर केली नाही. "मृत्यूचा दाखला लावा मग. आणि तुम्ही कोण, त्याचा पुरावा."

सगळं लावलं, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं. पुढच्या खेपेला उत्तर मिळालं की या नावाचं प्रकरणच नाही, कौटुंबिक न्यायालयात बघा. तिथे म्हणाले, आमचं कोर्ट सुरू झालं त्याआधीची प्रकरणं तिकडेच. परत तिकडे. कारकून आता मला ओळखत होता.

"मॅडम, झाला होता ना घटस्फोट? लई बायका माहेरी येऊन बसतात आणि झाला म्हणतात."

माझ्यामागे रांगेतला एक माणूस हसला. मी ग्रंथालयात काम करते. आवाज न चढवण्याची मला इतकी सवय आहे की रागाच्या वेळी तो आणखी खाली जातो. मी म्हणाले, "न्यायाधीशांनी निकाल वाचला तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते."

"काय म्हणताय? ऐकू येईना."

मी पुन्हा सांगितलं. त्याने रजिस्टर मिटलं आणि सहज विचारलं, "सासरचं नाव काय होतं त्यांचं?"

"तिला एकच नाव होतं," मी म्हणाले आणि निघून आले.

हे खोटं होतं. ताईच्या सासूचं नाव आणि ताईचं नाव एकच निघालं होतं. एका घरात एका नावाच्या दोघींना हाक कशी मारायची, असा त्या लोकांना प्रश्न पडला. सासूने आपलं बदलावं असं कोणाला सुचलं नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, त्याने अंगठीने त्यात एक नाव लिहिलं आणि त्याच्या काकांनी ते माईकवरून सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला ते नाव तेव्हा छान वाटलं होतं.

त्या नावाने त्याने तिला हाका मारल्या, नंतर त्याच नावाने शिव्या दिल्या. एकदा आमच्या दारात उभा राहून त्याने ते नाव इतक्या मोठ्याने घेतलं की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. ताई आत मोरीत लपली होती. दवाखान्याच्या कागदांवर ती कायम माहेरच्या नावानेच होती, कारण नर्सिंगची प्रमाणपत्रं त्या नावाची होती. घरही त्याच नावावर. पण लग्नाच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, म्हणून घटस्फोटाच्या अर्जावरही तेच लागलं. निकाल लागला त्या संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आता मला माझ्या नावानं हाक मार." त्यानंतर आमच्या घरात ते दुसरं नाव कोणी उच्चारलं नाही. गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईचं नेमकं तेच नाव आहे. आई तिला आजही 'मेथीवाली' म्हणते, मग ती वांगी घेऊन आलेली का असेना.

आणि आता त्याच नावाने ताईला शोधायचं होतं. दोन दिवस मी तो अर्ज कोरा ठेवला. दवाखान्याने तिला तिच्या नावाने ओळखलं, बँकेने ओळखलं, दाखल केलं तेव्हा पलंगावरच्या पाटीवरही तिचंच नाव होतं. ती त्याची कोणी नव्हती एवढं सांगायला मात्र मला त्याने दिलेलं नाव घालावं लागणार होतं. घातलं. अक्षर चांगलं आलं नाही.

फाईल लगेच सापडली.

"हे आधी सांगायचं की," कारकून म्हणाला.

नक्कल मिळाली तेव्हा मी आवारातल्या बाकावर बसून ती वाचली. पानापानावर शिक्का. सामनेवाला अर्जदारास वारंवार मारहाण करीत असे, ही बाब शाबीत होते, असं त्यात लिहिलं आहे. तिचा हात मोडला होता, तेही आहे. ते सगळं माझ्या ताईच्या अंगावर झालं, मात्र त्या पानांत ताईचं नाव एकदाही नाही. मार खाणारी कुणी दुसरीच बाई होती आणि ताई तिथे गेलीच नव्हती, असं वाटावं. मला तो कागद जपून ठेवायचा होता आणि फाडायचाही होता.

वकील म्हणाले, "निकाल एका नावाचा, घर दुसऱ्या नावाचं. सुनावणीला दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं आईंचं प्रतिज्ञापत्र लागेल. नाहीतर तो नेमकं तिथेच धरेल."

आई मूळची मंद्रूपची. सत्तरी उलटली तरी बोलणं तिकडचंच. "मी न्हाय घेणार ते नाव तोंडात," ती म्हणाली.

"घ्यायचं नाही. नुसती सही करायची."

पण कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरींनी कागद वाचून दाखवला आणि पेन हातात धरून थांबले. "आजी, तुमच्या तोंडानं सांगा. दोन्ही नावं कुणाची?"

"माज्या लेकीची."

"कोणकोणती नावं? उद्या म्हणाल, मला वाचून न दाखवताच सही घेतली."

"अंगठा देते की. सही देते. बोलायला लावू नका."

"अहो, नावच आहे. शिवी थोडीच आहे?"

"तुमाला काय ठावं," आई म्हणाली.

तिने आधी ताईचं नाव घेतलं. मग थांबली. मग ते दुसरं घेतलं, अगदी स्पष्ट, शाळेत हजेरी द्यावी तसं. सही केली. माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून ती बाजूच्या लिंबाच्या झाडाशी गेली आणि तिने चूळ भरली. दोनदा.

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट हसत म्हणाला, "आजी, तंबाखू का?"

"व्हय. लई कडू हाय."

भूमापन कार्यालयातल्या सुनावणीला तो आमच्याआधी येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल. आई दिसताच उठला आणि पाया पडायला वाकला. "आई, तब्येत कशी आहे?" एकेकाळी मी या माणसाला दाजी म्हणत असे. आईने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

अधिकारी बाईंनी निकालाची नक्कल वाचली आणि त्याच्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

तो शिकून आला होता. "मॅडम, ह्यात जी बाई आहे ती आणि ही मयत एकच, कशावरून? घर तर वेगळ्याच नावावर आहे."

मी आईचं प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. बाईंनी त्याला हात लावला नाही. त्यांनी फाईल मागे उलटली आणि त्याचाच हरकतीचा अर्ज काढला. आम्हाला नोटीस मिळाली होती, हा अर्ज आम्ही पाहिलाच नव्हता.

"तुम्हीच लिहिलंय. माहेरचं नाव, उर्फ, सासरचं नाव, ही माझी पत्नी. सोबत लग्नाचा दाखला. म्हणजे एकच बाई ना?"

"ते टायपिस्टनं घातलं."

"खालची सही पण टायपिस्टनंच केली?"

त्याने हातातली फाईल मिटली. बाईंनी काहीतरी लिहिलं. हरकत फेटाळते, आदेश पोस्टाने येईल, आईचं नाव लागेल, असं म्हणाल्या. मग प्रतिज्ञापत्र माझ्याकडे परत केलं. "हे घेऊन जा. ह्याची गरज नव्हती."

आईला नीट ऐकू आलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "बाई काय म्हणल्या?"

"ह्या कागदाची गरज नव्हती म्हणाल्या. त्यानेच आधी लिहून दिलं होतं."

आई पायरीवरच थांबली. "मग मला कशापायी म्हणाय लावलंस?"

मी प्रतिज्ञापत्राची घडी घातली. वकिलांचं नाव सांगता आलं असतं, नोटरींचं सांगता आलं असतं. तो आमच्या बाजूने खाली उतरून गेला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्याच्याकडून कोणी काहीच म्हणवून घेतलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "घर आपलं राहिलं, आई."

"ते दुसऱ्याचं कवा हुतं?" ती म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.