इनासकाकांची हलकी काडतुसं

मुलांसाठी रायफलीची काडतुसं घ्यायला कुणी आलं, की इनासकाका बापाशी बोलतच नसत. काउंटरमागून बाहेर येत, मुलासमोर स्टूल ओढून बसत आणि त्याला स्वतःचाच उजवा खांदा अंगठ्यानं दाबायला सांगत. मग गुपचूप त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. मूळचे वसईचे, उभी हयात कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या एका मशीनशॉपमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर बॅरीजवळच्या शिकारसाहित्याच्या दुकानात ते आठवड्याचे तीन दिवस उभे राहत.

२०१६च्या सप्टेंबरात मी रेवाला, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला, घेऊन तिथं गेलो. मी मिसिसागात आयटीत. ऑफिसमधल्या मित्रांच्या नादानं हरणाच्या शिकारीला जायला लागलो होतो. रेवानं हट्टानं कोर्स केला, शिकाऊ परवाना मिळवला. नोव्हेंबरात ती पहिल्यांदा माझ्याबरोबर येणार होती. शिकाऊ मुलाला वेगळी बंदूक नेता येत नाही, म्हणून उन्हाळाभर ती माझ्याच रायफलीवर, माझ्याच जड काडतुसांनी सराव करत होती. प्रत्येक बाराला रायफलीचा दस्ता तिच्या खांद्यावर आदळायचा. नेम चुकला की मी म्हणायचो, होईल सवय.

काकांनी सांगितल्यावर रेवानं खांदा दाबला आणि तिचा ओठ मुडपला. समोरचा माणूस मराठी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी मराठीतून तिला हळूच म्हटलं, "सांग ना, दुखत नाही म्हणून."

"मराठी मला पण येते, भाऊ," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुम्ही जरा थांबा. तिला बोलू द्या."

रेवा खाली बघत म्हणाली, "इट हर्ट्स. अ लॉट." दोन महिन्यांत माझ्याशी ती हे एकदाही बोलली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला काहीच विकलं नाही. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर बोलावलं. तिथं रायफल ते स्वतः भरून रेवाच्या हातात देत होते. दोनदा बार झाला. तिसऱ्यांदा त्यांनी तिला न सांगता बिनदारूचं, सरावाचं काडतूस घातलं. रेवानं चाप ओढला. आवाज झालाच नाही, पण नळीचं टोक मात्र झटक्यानं खाली गेलं आणि तिचे डोळे गच्च मिटले. ती लाल झाली. काका म्हणाले, "यात तुझी चूक नाय. अंगाला कळते मार येणार. ते आधीच स्वतःला चोरते."

मग थर्मासमधला चहा ओतता ओतता त्यांनी मला बाजूला घेऊन आपल्या मुलाचं, नेल्सनचं, सांगितलं. तेरा वर्षांच्या पोराच्या हातात त्यांनी मोठ्या अभिमानानं आपली भारी रायफल दिली होती. चाप ओढताना पोरानं डोळे मिटले आणि गोळी हरणाच्या पोटात लागली. रक्ताच्या खुणा शोधत बापलेक दुपारपर्यंत चालले. पुढे दलदल लागली आणि खुणा संपल्या. नेल्सननं रायफल बापाच्या हातात दिली ती कायमचीच. "त्याला शिकार शिकवायला गेलो," काका म्हणाले, "आणि घाबरायला शिकवून आलो."

त्यांनी निवडलेली काडतुसं माझ्याच रायफलीत बसणारी होती. फक्त आत दारू कमी, गोळी वजनानं हलकी. धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. मी विचारलं, यानं हरीण पडेल का? काका म्हणाले, "हरणाला आवाज नाय लागत, गोळी लागते. ती कुठे लागते ते बघ." पण लांबवर हलक्या गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून एक अट त्यांनी रेवाकडून कबूल करून घेतली: शंभर यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. हलकी गोळी वेगळ्या जागी पडते, म्हणून पुढचे दोन शनिवार खर्चून त्यांनी रायफलीवरची नेमाची दुर्बीण नव्यानं जुळवून दिली. दुसऱ्या शनिवारी रेवा परत निघायलाच तयार नव्हती.

नोव्हेंबरात हॅलिबर्टनच्या जंगलात आम्ही नारिंगी जॅकेटं घालून बसलो होतो. सकाळी एक मोठा, शिंगाळा नर ओढ्यापलीकडे येऊन आडवा उभा राहिला. दीडशे यार्ड असेल. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं दुर्बिणीतून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा खूण केली. "टू फार, बाबा," ती पुटपुटली आणि तिनं रायफल खाली घेतली. तो नर सावकाश निघून गेला. मला रागच आला होता. दुपारपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही.

तीनच्या सुमारास एक तरुण नर देवदारांतून बाहेर आला, साठ यार्डांवर. रेवानं श्वास सोडला, थांबली, चाप ओढला. हरीण वीसेक पावलं धावून कोसळलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते निश्चल होतं. रेवा त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली. थोडी रडलीही. मी सकाळच्या रागाबद्दल तिची माफी मागितली.

इनासकाका २०१८च्या मार्चमध्ये झोपेतच गेले. पुढच्या वर्षी शिकारीआधी मी त्याच दुकानात उभा होतो. रेवा आता सतरा वर्षांची, माझ्याहून उंच. मी म्हटलं, आता तुला जड काडतुसं सहज झेपतील.

"झेपतील," ती म्हणाली. "पण लाईटच घेऊ या, बाबा. मला कुणाला काही प्रूव्ह करायचं नाहीये."