आलं म्हणून कळवलेलं विमान

शाळेतले आमचे गुरुजी वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी मानवतहून जीप काढली आणि औरंगाबादच्या विमानतळाकडे निघालो. त्यांच्या अशोकला आणायला. पाऊस आदल्या रात्रीपासून थांबायचं नाव घेत नव्हता...

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. कॉलेज चालू कमी आणि बंदच जास्त. मी तर एका सरांची कॉलर धरून बीएस्सी अर्ध्यातच सोडलेली आणि एका कापूस व्यापाऱ्याची जीप चालवायचो. डोकं कायम तापलेलं.

अशोक मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. गुरुजींचा एकुलता एक मुलगा. निरोप मिळाल्याबरोबर निघाला आणि मुंबईत पोचला, तिथून सकाळच्या विमानानं औरंगाबादला येणार होता. त्यानं बापाचं तोंड बघावं, त्याच्याच हातानं अग्नी द्यावा, म्हणून परभणीहून बर्फाच्या लाद्या आणून गुरुजींना घरातच ठेवलं होतं.

आणायला जायला दुसरेही तयार होते. मीच हट्टानं गेलो... खरं कारण गुरुजींची सुमन. तिच्या भावाला तिच्यासमोर नेऊन उभा करीन तर मीच, एवढंच डोक्यात. निघताना ती बाहेर आली, डोळे सुजलेले. "दादाला घेऊनच या तुमी," एवढंच म्हणाली. मला पेटवायला तेवढं पुरे होतं.

विमानतळ म्हणजे तेव्हा एक छोटी इमारत. काचेबाहेर धावपट्टीसुद्धा नीट दिसत नव्हती, नुसता पांढरा पाऊस. काउंटरवरच्या माणसाला मी दर पाच मिनिटांनी विचारत होतो. तो वैतागला, पण नमतं घेत म्हणाला, "लेट आहे हो. हवामान खराब आहे."

साडेअकराच्या सुमाराला वर घरघर ऐकू आली. बसलेले लोक उठले. काउंटरवाला म्हणाला, "आलंय. वरच आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही.

आमी एसटीची माणसं. फाट्यावर गाडी दिसली की आली. फाट्यावरून एसटी कधी परत गेलीय का? विमानाचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो... आता लिहितानासुद्धा कान गरम होतात.

बाहेरच्या हॉटेलातून मानवतला ट्रंक कॉल लावला. गुरुजींच्या घरासमोरच्या आडत दुकानात फोन होता आणि त्यांचा पुतण्या विठ्ठल सकाळपासून तिथंच बसून होता.

"विठ्ठल, आलं विमान! अशोकला घेऊन निघालोच. चारच्या आत पोचतो."

"बघ हां, पक्कं ना? इथं समदे वाट बघायलेत."

"अरे आलं म्हन्तो ना! बहिरा हायस का? सुमनला सांग आधी."

सुमनला सांग... फोन खरं तर त्यासाठीच होता.

परत आत गेलो तर घरघर बंद. विमानानं तीन घिरट्या घातल्या, खाली काही दिसेना म्हणून ते मुंबईला परत गेलं होतं. मी काउंटरवर मुठी आपटल्या, त्या माणसाला नको नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आमच्या हातात आहे का ते?"

पुन्हा फोनकडे पळालो. तोवर लाइन गेलेली. तासभर नुसतं हॅलो हॅलो केलं आणि शेवटी रिकामी जीप घेऊन निघालो. जालन्यापुढं ओढ्याला पाणी होतं, तिथं आणखी वेळ गेला.

साडेपाचला मानवतच्या अलीकडे आलो. आमची स्मशानभूमी पाथरी रोडलाच. बघतो तर काय, सगळा गाव तिथं उभा...

माझ्या फोनच्या भरवशावर त्यांनी तिरडी उचलली होती. पोरगा याच रस्त्यानं येणार, इथंच तोंड बघेल, दिवस मावळायच्या आत अग्नी होईल, असं ठरलं होतं. एकदा घराबाहेर काढलेलं प्रेत पुन्हा घरात नेत नाहीत. दोन तास ते पावसात थांबले होते. अशोकसाठी गुरुजींचं तोंड उघडं ठेवलेलं आणि एक म्हातारे गृहस्थ त्यावर छत्री धरून बसलेले.

जीप थांबली तशी माणसं धावत आली. विठ्ठलनं मागचं दार उघडलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं...

"कुठाय?" म्हणाला.

विमान वरूनच परत गेलं, एवढं मी मान खाली घालून सांगितलं.

अग्नी विठ्ठलनं दिला. ओली लाकडं, रॉकेल ओतून ओतून पेटवली.

अशोक रात्रीच्या रेल्वेनं मनमाडला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घरी आला. आदल्या संध्याकाळी परभणीहून आणखी बर्फ यायचा होता, हे मला तेव्हा कळलं. मी फोन केला नसता तर गुरुजी त्याला भेटले असते.

सुमननं मला अंगणात एकटं गाठलं. "फोन करायच्या आधी दादाला बघितलं होतं का तुमी?"

"न्हाई."

ती आत गेली. अशोक रडत विचारत होता, एक रात्र थांबता आलं नाही का तुमाला? आणि मला तिचा आवाज ऐकू आला. "पाऊस लय होता दादा. आमीच घाई केली."

थोड्या वेळानं अशोक बाहेर आला आणि त्यानं माझा हात धरला. "एवढ्या पावसात गेलास माझ्यासाठी. लय उपकार झाले." मी तो हात तसाच धरू दिला...

पुढच्या वर्षी सुमनचं लग्न झालं. मी तिला मनातलं कधीच सांगितलं नाही, कोणत्या तोंडानं सांगणार? अशोक अजून भेटला की त्याच उपकारांची आठवण काढतो आणि मी मान हलवतो. आज तो हे वाचेल. वाच बाबा... तुझ्या बहिणीनं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती.