ट्रायल नारळ

पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं हिशेब लिहिले. तिथे नफा झाला की बोनस आणि तोटा झाला की गेट मीटिंग, इतका सोपा कारभार होता. तो कारखाना बंद पडल्यावर मी स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन निगडीच्या घरी कुंड्यांना पाणी घालत बसले. महिन्याभरात कुंड्याही मला कंटाळल्या. मग चाकणच्या एका स्टार्ट-अपमध्ये अकाउंट्स सांभाळायचं काम धरलं. स्टार्ट-अप म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळलं. खुर्च्यांपेक्षा बीन बॅग जास्त आणि विक्रीपेक्षा प्रेझेंटेशन जास्त असली, की समजायचं.

आमचा फाउंडर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, परदेशात शिकून आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅम, मला सर म्हणायचं नाही. आपण इथे सगळे फॅमिली आहोत." मी मान डोलावली आणि त्याला सर म्हणत राहिले. फॅमिलीत दर तीन महिन्यांनी परक्या लोकांना नफा-तोटा दाखवत नाहीत, आमच्यात दाखवायचे. ज्यांनी पैसे घातले होते त्या इन्व्हेस्टरांना दर तिमाहीला अहवाल जायचा आणि तो तयार करायचं काम माझं होतं.

ई-रिक्षांचे बॅटरी पॅक बनवायची ही कंपनी. कुरुळीच्या एका शेतकऱ्याने रस्त्यालगतच्या वावरात पत्र्याची मोठी शेड बांधून भाड्याने दिली होती, त्यात आम्ही. मी लागले त्या वर्षी दिवाळी झाली आणि चीनहून बॅटरीचे सेल जोडायचं वेल्डिंग मशीन आलं. ते चालवायला आसपास खोल्या करून राहणाऱ्या आठ बायका ट्रेनी म्हणून घेतल्या. ट्रेनी म्हणजे पगार नाही, स्टायपेंड, आणि रजा तर बोलायचीच नाही. नेमणूकपत्रात एक ओळ होती: मशीनचं ट्रायल संपून रीतसर उत्पादन सुरू झालं, की पुढच्या महिन्यापासून पर्मनंट. तोंडी सांगितलं होतं, तीन महिन्यांत.

त्या आठांतली एक लातूरकडची. नवरा एका वेअरहाऊसमध्ये लोडिंगला, आणि राहायला दिराच्या खोलीत, जिथे आधीच तीन शिफ्टचे तीन पुरुष पाळीपाळीने झोपत. पहिलीतली मुलगी तिने गावी सासूजवळ ठेवली होती. पर्मनंट झाले की वेगळी खोली घ्यायची आणि पोरीला आणायचं, असं तिचं साधं गणित. हजेरीचं पंचिंग मशीन माझ्या दाराशी होतं, त्यामुळे ती रोज समोर यायची. आठवड्यातून एकदा विचारायचीच, "मॅडम, कधी होतंय वो आमचं?"

मी म्हणायचे, "विचारते." आणि खरंच विचारायचे.

इथे थोडा हिशेब सांगावा लागेल. मशीन कामाला लागलं की वापराने त्याची किंमत उतरते. ती उतरलेली किंमत, म्हणजे घसारा, दर तिमाहीला खर्चात धरायची. शिवाय त्यावरच्या माणसांचा पगार आणि वीज हाही खर्चच. पण मशीन ट्रायलवर आहे असं म्हटलं, तर घसारा नाही, आणि ट्रायलचा सगळा खर्च मशीनच्याच किमतीत चढवता येतो. मशीन खरोखर ट्रायलवर असेल तर यात काही गैर नाही. आमचं मशीन फेब्रुवारीपासून दोन शिफ्ट चालत होतं आणि त्याचे पॅक लावून चाकण चौकात रिक्षा पळत होत्या.

"मॅम, ते ट्रायल पॅक आहेत," फाउंडर म्हणाला.

"पैसे मात्र पूर्ण घेतले आपण त्यांचे."

"हो, पण ट्रायल स्पिरिटमध्ये."

अशी मजा. जगातली सगळी मशीनं वापरली की स्वस्त होतात, आमचं तेवढं दर तिमाहीला महाग होत चाललं. बायकांचा स्टायपेंड त्याच्या अंगावर चढला, विजेचं बिल चढलं, मे महिन्यात भाड्याने आणलेले कूलरसुद्धा चढले. तोटा अहवालात नखाएवढा दिसायचा आणि फाउंडर त्या नखाचे फोटो प्रेझेंटेशनमध्ये लावायचा. शेडमधल्या बायका मशीनला 'नवरी' म्हणत. मांडवात बसून आहे, पण अक्षता काही पडत नाहीत.

मार्चअखेर ऑडिटर आला. तोही म्हणाला, हे ट्रायल कधी संपणार ते कशावरून ठरवता, तुमची पॉलिसी लिहून द्या. फाउंडर गडबडला. त्याच वेळी शेडचे मालक भाड्याचा चेक न्यायला आले होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात दोन मोबाइल. फाउंडरने हसत हसत त्यांनाच विचारलं, "काका, तुमच्याकडे मशीन चालू झालं असं कधी म्हणतात?"

"नारळ फुटला की," काका म्हणाले. "त्याच्या आदी ते नुसतं लोखंड. इथं समदीकडं आसंच हाय."

फाउंडरच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी विसरणार नाही. नारळ त्याच्या हातात होता ना! तो फोडला नाही, तर मशीन जन्मभर ट्रायलवर. लगेच मला म्हणाला, "मॅम, हीच आपली पॉलिसी. लोकल प्रॅक्टिसवर बेस्ड." मी म्हटलं, हे भलतंच आहे. तो म्हणाला, लिहा. ऑडिटरला ट्रेन गाठायची घाई होती, आणि लेखी काहीतरी मिळतंय यावरच तो खूश झाला. मग मी वार्षिक हिशेबात जसंच्या तसं लिहिलं: रीतिरिवाजानुसार पूजा करून, नारळ वाढवून ज्या दिवशी मशीनचं उद्घाटन होईल, त्या दिवसापासून व्यावसायिक उत्पादन सुरू झालं असं धरलं जाईल. सही त्याची.

मग काय, जून झाला, सप्टेंबर झाला. लातूरच्या बाईने जूनमध्ये मुलीला इथल्या शाळेत घालायचं ठरवलं होतं, ते राहिलं. मुलगी दुसरीत गेली तीही गावीच. मी फाउंडरला सांगितलं, ह्या बायकांना तरी पर्मनंट करा, नारळाशी त्यांचा काय संबंध? तो म्हणाला, "मॅम, आय फील फॉर देम. पण त्यांना कन्फर्म केलं तर मशीन चालू झालं असं होईल ना. मार्चमध्ये नवीन फंडिंग आहे. तोपर्यंत." आय फील फॉर देम म्हणताना तो फोनवर जेवण मागवत होता. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्याच्या खासगी प्रवासाची सगळी बिलं परत पाठवली.

आणि मग दसरा आला. चाकणच्या पट्ट्यात खंडेनवमीला काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. त्या दिवशी एकही मशीन पूजेवाचून राहत नाही. मोठ्या कंपन्यांत रोबोटला झेंडूचे हार घालतात, फोर्कलिफ्टला कुंकू लावतात, स्पॅनरसुद्धा ओळीने मांडतात. फाउंडर त्या आठवड्यात बेंगळुरूला कुठल्याशा परिषदेत 'भारतीय मुळं, जागतिक पंख' या विषयावर बोलायला गेला होता. जाताना त्याने दोन हुकूम दिले. सोशल मीडिया बघणाऱ्या मुलीला: दसऱ्याचे छान फोटो टाक, रांगोळी, साड्या, आपलं कल्चर दिसलं पाहिजे. आणि मला: सगळ्याची पूजा होऊ दे, फक्त त्या मशीनपुढे नारळ नको. "तुम्ही सीनियर आहात, लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. सकाळी शेड धुऊन काढली होती. कॉम्प्रेसर, पॅलेट ट्रक, चहाचं मशीन, सगळ्यांना हार. कॉम्प्रेसरपुढे नारळ फुटला, चहाच्या मशीनपुढेही फुटला. नवरी तेवढी हार घालून कोरडी उभी. लातूरची बाई हातात नारळ घेऊन तिच्यापुढे थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, साहेब नको म्हनलेत. पन ह्याच्यात आमचे हात जातेत रोज. चहाच्या मशीनचा नारळ फोडायचा अन् हिचा नाही, हे कसं वो? कुनाचं बोट गेलं तर?"

तिच्या डोक्यात ना पॉलिसी होती ना घसारा. तिला तिची आणि बाकीच्या सातजणींची बोटं दिसत होती. मला मात्र सगळं दिसत होतं, अगदी अहवालाच्या पान क्रमांकासकट.

"फोड," मी म्हणाले, "आणि जोरात फोड." 

फुटला. पाणी मशीनच्या पायावर उडालं, सगळ्या हसल्या, सोशल मीडियावाल्या मुलीने नेमका तोच क्षण टिपला आणि दुपारी कंपनीच्या नावावर टाकला: आमच्या लाडक्या मशीनची पहिली खंडेनवमी! संध्याकाळपर्यंत सगळ्यात मोठ्या इन्व्हेस्टरने खाली लिहिलं होतं, व्यावसायिक उत्पादन सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. तो एकटा माणूस आमचे अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचत असावा.

रात्री जेवताना फाउंडरचा फोन. "मॅम, हे काय झालं? आपण त्याला ट्रायल नारळ म्हणू शकतो का?"

मला ठसका लागला. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला.

बेंगळुरूहून परत आल्यावर फाउंडरने पॉलिसीच बदलायचं काढलं. मी त्याला नियम समजावला. वर्षाच्या हिशेबात जी पॉलिसी धरली, तीच तिमाहीच्या अहवालात धरावी लागते. मधेच बदलायची तर बदलता येते, पण का बदलली ते अहवालात छापावं लागतं. "मी मसुदा करून ठेवलाय," असं म्हणून मी वाचून दाखवला: कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी खंडेनवमीला मशीनची पूजा करून नारळ फोडला. व्यवस्थापनाची तशी इच्छा नव्हती. सबब नारळाचा विचार करू नये.

तो बीन बॅगमध्ये रुतून बसला. मग म्हणाला, "हे इन्व्हेस्टर वाचतील?"

"एक तर नक्की वाचतो."

त्याने मसुदा बाजूला सारला आणि मशीन चालू झाल्याच्या कागदावर सही केली. मशीन चालू झालं. पुढे जानेवारीत अहवाल गेला, तेव्हा त्या तिमाहीचा तोटा नखाएवढा राहिला नाही, हातभर झाला. इन्व्हेस्टरांपैकी कुणी काही बोललं नाही, उलट उत्पादन ठरल्यापेक्षा आधी सुरू केलं म्हणून फाउंडरचं कौतुक झालं, आणि ते त्याने उभं राहून स्वीकारलं. आठही जणींची पर्मनंटची पत्रं मात्र मी सही झाली त्याच आठवड्यात स्वतः वाटली. लातूरच्या बाईने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

दिवाळीआधीच्या रविवारी ती चाकणच्या बाजारात गेली आणि मुलीसाठी फ्रॉक घेतला, गुलाबी, कमरेला चमकणारा पट्टा. सोमवारी मला दाखवायला आणला. दिवाळीची सुटी संपली तशी सासू नातीला घेऊन आली.

दोन दिवसांनी बाई माझ्या टेबलापाशी आली. फ्रॉक घडी घालून परत पिशवीत होता.

"मागल्या दिवाळीला बघितली होती तिला, तेच माप धरलं मी," ती हसत म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "गुडघ्याच्या वर जातोय. पोरगी केवढी झाली मॅडम, मला ठावंच नाही. तुमच्या नातीला होईल का बघा."

मी त्या मशीनवर चढवलेल्या सगळ्या खर्चांच्या नोंदी केल्या होत्या. स्टायपेंड, वीज, भाड्याचे कूलर. काही सुटलं नाही असं सप्टेंबरच्या तपासणीत ऑडिटरही म्हणाला होता. मी पिशवी घेतली. मला तिच्याकडे बघवेना.

माझ्या नातीला तो फ्रॉक अगदी बरोबर होईल. मी तो अजून तिला घातलेला नाही.