मंगळवारची मलावीची मीटिंग

केंब्रिजमधल्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करत होते, तिथे आम्ही औषधांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बनवायचो. मलावीच्या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीच्या गोळ्या कुठे किती उरल्यात, कुठे संपत आल्यात, हे राजधानी लिलाँग्वेच्या आरोग्य खात्याला बसल्या जागी दिसावं, एवढंच त्याचं काम. गोळ्या वेगवेगळ्या देशांच्या मदतीतून यायच्या, पण त्या पोचवणं, वाटणं, हिशेब ठेवणं बरंचसं अमेरिकेच्या पैशावर चालायचं. आमचा पगारही. पैसा वॉशिंग्टनचा, कॉम्प्युटर केंब्रिजचे, कोड लिहिणारी बाई पुण्याची आणि आजारी माणसं मलावीची. इतक्या वर्षांत या मांडणीत काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या डेस्कवर मलावीचेच एक फार्मासिस्ट बसायचे. पन्नाशी उलटलेले, हळू बोलणारे. घर कॉव्हेंट्रीला, बायको तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स. आठवड्यातून दोनदा ट्रेनने यायचे आणि येताना डब्यात राजमा-भात आणायचे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण मनातल्या मनात मी त्यांना अहोजाहो करायचे.

अमेरिकेत आत्ताचे अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आले, शपथविधी झाला, आणि थोड्याच दिवसांत आम्हाला ईमेल आली. काम थांबवा. कुठलं काम, कधीपर्यंत, काही नाही. फक्त थांबवा.

मंगळवारी सकाळी आमची मलावीची मीटिंग असायची. लिलाँग्वेहून आरोग्य खात्यातल्या एक अधिकारी बाई बोलायच्या. त्या दिवशी आमच्या बॉसने, एका सज्जन इंग्रज माणसाने, माफी मागायला सुरुवात केली. बाईंनी त्याला मध्येच थांबवलं. मग म्हणाल्या, “आम्हाला तुमच्या ईमेलच्या आधी रेडिओवरून कळलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला एवढंच सांगा, तुमचं मशीन कधीपर्यंत चालू राहील?”

बॉस म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तो ते कसंही करून चालवेल.

“मग महिनाअखेरपर्यंत सगळं आमच्याकडे हलवा,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

दुपारी जेवताना मी फार्मासिस्टना विचारलं, “तुम्हा लोकांना राग नाही आला? बाई इतक्या शांत होत्या.”

“राग कोणाचा करायचा?” ते म्हणाले. “माझ्या ताईची गोष्ट सांगतो.”

त्यांची मोठी बहीण आजारी पडली तेव्हा ते जिल्ह्याच्या इस्पितळात नोकरीला होते. त्या काळात या रोगावर तिथे गोळी मिळतच नव्हती. ते लोकांना ताप उतरायचं औषध द्यायचे आणि घरी पाठवायचे. ताईची शाल, भांडी, सगळं कोणाला द्यायचं तेही ठरलं होतं. मग गोळ्या यायला लागल्या. मोठा पैसा देणारे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष त्याच वेळी इराकमध्ये युद्ध करत होते. ताईला ते माहीत होतं. तरी ती दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. म्हणायची, देव दोन्ही हिशेब बघेल, मी माझ्यापुरतं बोलते.

“मग ते आले, ज्यांचे वडील केनियाचे,” ते म्हणाले. “आमच्या गावात त्या वर्षी जन्मलेल्या पोरांना त्यांचं नाव ठेवलं. सलूनवर फोटो, शर्टावर फोटो. वाटलं, घरचा माणूस बसला तिथे, आता बघायला नको. गोळ्या येतच राहिल्या, नाही म्हणत नाही. पण आम्ही वाट पाहत होतो ती त्याहून मोठ्या कशाची तरी. ते अध्यक्ष तिकडचे होते, आमचे नव्हते, हे समजायला वेळ लागला.”

“आणि आत्ताचे?”

त्यांनी डबा बंद केला. “माझा भाचा, ताईचाच मुलगा, तिकडेच ब्लँटायरला शिक्षक आहे. तो म्हणतो, हा माणूस निदान तोंडावर बोलतो. बाकीचे गोड बोलून तेच करायचे. किती दिवस वाडगं घेऊन उभं राहायचं, म्हणतो. ताई त्याच्याशी बोलत नाही सध्या.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“कॉलेजात असल्यापासून मीही हेच म्हणत आलोय की एक दिवस हे बंद झालं पाहिजे. फक्त मला वाटायचं, तो दिवस आम्ही ठरवू.”

त्यानंतर इथल्या ब्रिटिश सरकारनेही परदेशी मदतीत कपात जाहीर केली. संरक्षणासाठी पैसा हवा होता. अतिशय सभ्य भाषेत, खेद व्यक्त करून.

आम्ही त्या मंगळवारपासूनच हलवाहलवीला लागलो होतो. कंपनीतले बरेचजण तोवर गेले होते. आम्ही दोघं, तिकडून त्या बाई आणि त्यांचा एक टेक्निशियन. लिलाँग्वेत वीज जायची. निम्मा डेटा जायचा, लाईन तुटायची, परत पहिल्यापासून. फार्मासिस्ट फोनवरून त्यांच्या भाषेत टेक्निशियनला धीर द्यायचे आणि मी स्क्रीनकडे बघत बसायचे. घरी गेले की स्वयंपाक करायची ताकद नसायची. माझी इथेच जन्मलेली मुलगी विचारायची, “आई, तुझा मीटिंग अजून नाही संपला?” मी तिचं मराठी दुरुस्त करायचंही सोडून दिलं होतं.

एका रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. मी एवढी दमलेली का, असं तिने विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आम्ही नाही का मिलो खाल्ला.”

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी ज्वारी. आई तेव्हा कॉलेजात होती. भाकरी थापायला गेलं की चिरायची, आणि गार झाली की चामड्यासारखी. “ते धान्य तिकडे जनावरांना घालतात असं सगळे म्हणायचे,” आई म्हणाली. “खरं-खोटं देव जाणे. पण आम्ही खाल्ला, आणि खाताना नावं ठेवली. माझे वडील तर रोज त्या अमेरिकेला शिव्या घालायचे, आणि परत पिशवी घेऊन रांगेत जायचे.”

“वाईट नाही वाटायचं?”

“वाटायचं की. भूक लागली की वाईट वाटून घ्यायला सवड नसते. नंतर वाटतं.” मग तिने विचारलं, “तुझ्या त्या लोकांना गोळ्या मिळतायत ना?”

मी म्हटलं, आत्तापर्यंत तरी.

महिनाअखेरीला डेटा लिलाँग्वेच्या मशीनवर पोचला. सगळा नाही; जुन्या काही नोंदी वाटेतच राहिल्या. आमचं मशीन बंद करण्याचं काम माझं होतं. बटण दाबलं, स्क्रीन काळी झाली. बॉस म्हणाला, चहा घेऊया. फार्मासिस्टनी टेबलावरचे कप धुऊन ठेवले आणि पिशवीत स्वतःचा कप टाकला. आम्ही हस्तांदोलन केलं.

मला काही महिन्यांनी स्लाऊमध्ये नोकरी मिळाली. एका मोठ्या वेअरहाउसचं सॉफ्टवेअर. तिथेही साठाच मोजतो, पण कुत्र्यामांजरांच्या खाण्याचा. काम चांगलं आहे, लोक चांगले आहेत. एखादा माल संपत आला की स्क्रीनवर लाल खूण येते आणि संध्याकाळपर्यंत ट्रक येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी जागेवरून उठून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीला एका मैत्रिणीकडे गेले होते, तेव्हा फार्मासिस्टना भेटले. ते आता तिथल्या एका केमिस्टच्या दुकानात काम करतात. दुपारच्या सुट्टीत आम्ही मागच्या गल्लीतल्या बाकावर बसलो. आधीपेक्षा बारीक वाटले. मी ताईबद्दल विचारलं.

“तिच्या दवाखान्यातली ओळखीची नर्स गेली. तो प्रकल्पच बंद झाला. आता लांबच्या दवाखान्यात जाते. पूर्वी एकदम काही महिन्यांच्या गोळ्या मिळायच्या, आता थोड्या थोड्या देतात. म्हणजे सारखं जावं लागतं. पाय दुखतात तिचे.” मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खिशातून फोन काढला. “थांबा, बोलूनच बघा.”

ताई फोनवर आली. खोकत, मोठ्या आवाजात. तिला इंग्रजी थोडंच येत होतं, मधे मधे भाऊ अर्थ सांगत होता. मी कोण हे कळल्यावर ती म्हणाली, “आमच्या गोळ्या मोजणारी ती इंडियन बाई हीच का?”

मी हो म्हटलं. मग विचारलं, आत्ताच्या अमेरिकेच्या अध्यक्षांबद्दल तिला काय वाटतं. रविवारी कोणासाठी प्रार्थना करते ती?

ती बराच वेळ काहीतरी बोलली. भाऊ ऐकत राहिला, मग म्हणाला, “ती म्हणते, पूर्वी अध्यक्षांसाठी करायची. आता दवाखान्यात जी मुलगी गोळ्यांच्या खिडकीपाशी बसते, तिच्यासाठी करते. तिला गेले काही महिने अर्धाच पगार मिळतोय, तरी ती येते.”

“आणि मुलाशी बोलते का आता?”

हा प्रश्न त्यांनी ताईला विचारला. फोनमधून हसण्यासारखा आवाज आला. “बोलते. तोच तिला सायकलवरून दवाखान्यात नेतो, सुट्टीला आला की. वाटेत राजकारण काढायचं नाही, असं ठरलंय.”

सुट्टी संपली होती. त्यांनी बहिणीचा निरोप घेतला, अंगात पांढरा कोट घातला. दारात त्यांनी मला सांगितलं की लिलाँग्वेच्या बाईंचा मधूनमधून मेसेज येतो. सिस्टिम चालते, वीज असेल तेव्हा. मी म्हटलं, त्यांना माझा नमस्कार सांगा. ते हो म्हणाले. काउंटरपाशी एक म्हातारे पंजाबी गृहस्थ प्रिस्क्रिप्शन घेऊन थांबले होते. ते त्यांच्याकडे वळले आणि मी बसस्टॉपकडे निघाले.